‘सगळे’, ‘काही’, ‘एकही नाही’ : नकार दर वेळी त्याच जागी चुकतो, तेव्हा काय तपासायचं

बारावीच्या गणितातलं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं. त्यातला ‘पुढील विधानाचा नकार लिहा’ हा प्रश्न फुकटचे गुण समजून सोडवला जातो आणि नेमका तिथेच गुण जातो. नाशिकच्या कॉलेज रोडच्या क्लासमध्ये जी चूक वहीत होते, तीच पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यात तपासणीच्या शेऱ्यात, सोसायटीच्या नोटिशीत आणि एक्सेलच्या शीटमध्ये होते. तिथे मात्र गुणांऐवजी पैसे जातात.

लक्षणं

खालीलपैकी एखादं जरी दिसलं, तरी दोष हाच समजा.

– ‘सर्व द्राक्षं गोड आहेत’ याचा नकार ‘एकही द्राक्ष गोड नाही’ असा लिहिला आहे.
– ‘काही द्राक्षं गोड आहेत’ याचा नकार ‘काही द्राक्षं गोड नाहीत’ असा लिहिला आहे.
– मूळ विधान आणि त्याचा नकार दोन्ही एकाच वेळी खरी ठरतात, किंवा दोन्ही खोटी.
– ‘सगळे सभासद हजर नव्हते’ हे वाक्य वाचून दोघांनी दोन वेगळे अर्थ काढले आणि दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत.
– ‘१८ पेक्षा जास्त’चा नकार ‘१८ पेक्षा कमी’ झाला आणि बरोबर १८ असलेला नग कुठल्याच यादीत नाही.
– शीटमध्ये एकही नोंद नाही, तरी खाली ‘सर्व पास’ असं हिरव्या रंगात दिसतं आहे.

सर्वात जास्त तक्रारी पहिल्या दोनच. बहुतेकांचं काम तिसऱ्या तपासणीपर्यंत होऊन जातं, पुढचं वाचायची गरज पडत नाही.

आधी एवढं पक्कं करा

नकार म्हणजे दुसरं टोक नव्हे. मूळ विधान खोटं पडायला कमीत कमी जे घडावं लागतं, तेवढंच नकारात लिहायचं. त्याहून जास्त बोललात की ते नवीन विधान झालं.

‘पांडवलेण्यांतली सर्व लेणी विहार (भिक्षूंची निवासस्थानं) आहेत’ हे विधान घ्या. डोंगरावर २४ लेणी आहेत. त्यांतलं १८ क्रमांकाचं लेणं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा आहे. विधान पडलं, बाकीची बघायला पायऱ्या चढायचीसुद्धा गरज नाही. म्हणून नकार असा : ‘किमान एक लेणं विहार नाही’. आता कोणी ‘एकही लेणं विहार नाही’ असं लिहिलं, तर गौतमी बलश्रीचा शिलालेख असलेलं ३ क्रमांकाचं लेणं आडवं येतं, कारण तो विहारच आहे. म्हणजे मूळ विधान खोटं आणि हा तथाकथित नकारही खोटा. मूळ आणि नकार यांतलं एक खरं आणि एक खोटं असायलाच हवं. दोन्ही एकदम पडली, तर जे लिहिलंय ते नकार नाही.

तपासणी १ : सुरुवातीला ‘असं नाही की’ लावून वाचा

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. मूळ वाक्याला हात न लावता त्याच्या आधी ‘असं नाही की’ जोडा : ‘असं नाही की सर्व द्राक्षं गोड आहेत.’ हा नकार कायम बरोबर असतो, कारण तो अख्ख्या वाक्याला लागतो.

याची गरज का, तर आपल्याकडे ‘नाही’ क्रियापदाला चिकटून वाक्याच्या शेवटी येतं. तो ‘नाही’ ‘सर्व’ला लागतो की ‘गोड’ला, हे जागेवरून कळत नाही. ‘असं नाही की’ त्याला उचलून दारात उभं करतं. मग स्वतःला विचारा : असं नसेल, तर निदान काय असेल? तोंडातून जे पहिलं साधं वाक्य निघतं, ‘एखादं तरी गोड नसलेलं निघणारच’, ते बहुधा बरोबर असतं. परीक्षेत ‘असं नाही की’वर थांबू नका. परीक्षकाला ‘सर्व’चं काय झालं ते बघायचं असतं. पण स्वतःचं उत्तर पडताळायला हे उत्तम.

तपासणी २ : ‘च’ कुठे आहे?

वाक्य मोठ्याने वाचा. बोलताना जोर देऊन अर्थ पोचतो, कागदावर जोर उमटत नाही आणि घोटाळा तिथेच होतो.

‘सगळी द्राक्षं गोड नाहीत’ याचे दोन अर्थ होतात : काही गोड, काही नाहीत; किंवा सगळीच्या सगळी फिकी. ‘सगळीच द्राक्षं गोड नाहीत’ म्हटलं की पहिला अर्थ पक्का होतो. गंमत अशी की हाच ‘च’ ‘काही’ला लागला की उलटं काम करतो. ‘काही कळलं नाही’ आणि ‘काहीच कळलं नाही’ दोन्हींत आकलन शून्य. पण ‘काही गोष्टी कळल्या नाहीत’ म्हटलं की बाकीच्या कळल्या असा सूर लागतो. ‘कोणी आलं नाही’ म्हणजे एकही माणूस नाही. ‘कोणीतरी आलं नाही’ म्हणजे एकाची खुर्ची रिकामी.

यावर एकच पथ्य : लेखी कामात ‘सगळे … नाहीत’ हा साचा वापरायचाच नाही. त्याऐवजी ‘किमान एक … नाही’ किंवा ‘एकही … नाही’ यांतलं जे म्हणायचंय ते लिहा. कारखान्यात तपासणीच्या कार्डावर ‘लॉटमधले सर्व नग मापात नाहीत’ असा शेरा पडला, तर एक जण लॉट निवडायला बसेल आणि दुसरा तो सरळ भंगारात टाकेल. चूक कोणाचीच नाही, शेऱ्याची आहे.

तपासणी ३ : तीन ओळींचा तक्ता

ही तपासणी सर्वात कामाची, म्हणून इथे घाई करू नका. कागदावर तीन परिस्थिती एकाखाली एक लिहा. द्राक्षांचा एक क्रेट समोर आहे असं धरा.

पहिली ओळ : सगळी गोड.
मधली ओळ : काही गोड, काही नाहीत.
शेवटची ओळ : एकही गोड नाही.

आता प्रत्येक विधान तिन्ही ओळींत खरं की खोटं ते मांडा.

‘सर्व गोड आहेत’ : खरं, खोटं, खोटं.
‘एकही गोड नाही’ : खोटं, खोटं, खरं.
‘काही गोड आहेत’ : खरं, खरं, खोटं.
‘काही गोड नाहीत’ : खोटं, खरं, खरं.

नकार तो, जो तिन्ही ओळींत मूळ विधानाच्या बरोबर उलट येतो. ‘सर्व गोड आहेत’च्या तिन्ही ओळी उलटवा : खोटं, खरं, खरं. हे ‘काही गोड नाहीत’शी जुळतं. ‘एकही गोड नाही’ पहिल्या आणि शेवटच्या ओळीत बरोबर वागतं, म्हणूनच ते फसवतं. मधल्या ओळीत मात्र मूळ विधानासोबत तेही खोटं आहे. ‘काही आहेत’ आणि ‘काही नाहीत’ या जोडीचंही तेच, फक्त मधल्या ओळीत दोन्ही खरी. म्हणजे नेहमीच्या दोन्ही चुका मधल्याच ओळीत पकडल्या जातात. वेळ कमी असेल तर फक्त मधली ओळ तपासा.

इथे एक शंका हमखास येते : सगळी गोड असताना ‘काही गोड आहेत’ खरं कसं? घरी कोणी ‘काही गोड आहेत’ म्हणालं, तर बाकीची नाहीत असंच आपण समजतो. तर्कशास्त्रात ‘काही’चा अर्थ ‘किमान एक’ एवढाच. सगळी असली तरी चालतात. हा करार मान्य नसेल तर पहिल्या ओळीत गडबड होते आणि ‘काही’चा नकार कधीच जुळत नाही. ‘काही’ खोडून तिथे ‘किमान एक’ लिहा, शंका आपोआप जाते.

तपासणी ४ : अदलाबदल नीट झाली का?

तक्ता न मांडता उत्तर काढायची रीत अशी. मोजणीचा शब्द बदला : ‘सर्व’चं ‘किमान एक’, ‘किमान एक’चं ‘सर्व’. गुणधर्म उलटा करा. आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय, त्यांना हात लावू नका.

तिसरी गोष्ट विसरली जाते. ‘नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातून गोदावरी वाहते’ याचा नकार ‘नाशिक जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या तालुक्यातून…’ असा होत नाही. चर्चा जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची आहे, ती त्यांचीच राहते : ‘नाशिक जिल्ह्यात किमान एक तालुका असा आहे, ज्यातून गोदावरी वाहत नाही.’ मालेगाव घ्या, तिथे गिरणा आणि मोसम, नकार खरा. चिन्हांत (∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ∃ म्हणजे ‘किमान एक’, ∈ म्हणजे ‘मधला’, ∉ म्हणजे ‘मधला नाही’) लिहिताना हाच दोष ‘∀ क्ष ∈ अ’ याचं ‘∃ क्ष ∉ अ’ करण्यात दिसतो. ∀ चं ∃ करा, पण ∈ तसंच ठेवा.

‘एकही नाही’चा नकार सर्वात सोपा आणि तरी ‘सर्व आहेत’ असा चुकवला जातो. ‘आज लासलगावात एकाही ट्रॉलीला क्विंटलमागे २००० च्या वर भाव मिळाला नाही’ हे खोटं पाडायला एक ट्रॉली पुरते : ‘किमान एका ट्रॉलीला २००० च्या वर भाव मिळाला.’

तपासणी ५ : गुणधर्म पूर्ण उलटला का?

मोजणीचा शब्द बरोबर, तरी उत्तर चूक? मग दोष गुणधर्मात आहे.

‘गोड’च्या उलट ‘आंबट’ नव्हे, ‘गोड नाही’. मध्ये फिकं, पाणचट, तुरट बरंच काही असतं. संख्या आल्या की हीच चूक बरोबरीच्या चिन्हात लपते. ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप. ‘प्रत्येक घडाचं ब्रिक्स १८ पेक्षा जास्त आहे’ याचा नकार ‘किमान एका घडाचं ब्रिक्स १८ किंवा त्याहून कमी आहे’. > च्या उलट ≤ आणि ≥ च्या उलट <. ‘प्रत्येक वास्तव संख्येचा वर्ग शून्यापेक्षा मोठा असतो’ या विधानाला पाडणारी संख्या एकच, खुद्द शून्य. नकारात ‘शून्याएवढा किंवा कमी’ऐवजी ‘शून्यापेक्षा कमी’ लिहिलंत, तर तीच एकमेव संख्या हातची जाते आणि खरा नकार खोटा होऊन बसतो.

गुणधर्मात ‘आणि’ असेल तर नकारात ‘किंवा’ येतो आणि ‘किंवा’ असेल तर ‘आणि’. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने ओळखला जातो (जन्म १८०६, तोही आपल्या मदुराईत). मशीन शॉपमधल्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. गो आणि नो-गो ही मापाच्या दोन मर्यादा तपासायची गेज. शाफ्ट पास कधी? गो गेज जातो आणि नो-गो जात नाही तेव्हा. नापास कधी? गो जात नाही किंवा नो-गो जातो तेव्हा. दोन्ही एकदम व्हायची वाट कोणी बघत नाही. २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ असं माप असेल, तर ‘सर्व नग २४.९८ ते २५.०२ मध्ये आहेत’ याचा नकार : ‘किमान एक नग २४.९८ पेक्षा कमी किंवा २५.०२ पेक्षा जास्त आहे.’

‘जर-तर’ असेल तर नकारात ‘जर’ उरत नाही. ‘जो क्रेट भिजला, तो परत पाठवला’ हे सर्व क्रेटबद्दलचं विधान आहे. नकार : ‘किमान एक क्रेट भिजला आणि तरी परत पाठवला नाही.’ न भिजलेल्या क्रेटचं काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. ‘जर भिजला तर परत पाठवला नाही’ हा नकार नव्हे.

‘फक्त’ हा छुपा ‘सर्व’ आहे. ‘फक्त सभासदांना आत सोडलं’ म्हणजे ‘आत सोडलेले सर्व जण सभासद होते’. आधी असं उलगडा, मग नकार लिहा : ‘आत सोडलेला किमान एक जण सभासद नव्हता.’

तपासणी ६ : आकडा असलेली विधानं

हे पटकन उरकतं. ‘किमान ३’चा नकार ‘जास्तीत जास्त २’. ‘जास्तीत जास्त ५’चा नकार ‘किमान ६’. ‘नेमके ३’चा नकार ‘२ किंवा कमी, अथवा ४ किंवा जास्त’. ‘एकही नाही’ नव्हे. ‘बहुतेक’चा अर्थ आधी ठरवून घ्या. निम्म्याहून अधिक असा धरला, तर नकार ‘निम्मे किंवा त्याहून कमी’. अर्थ ठरवायला कोणी तयार नसेल, तर त्या विधानाचा नकार लिहायच्या फंदात पडू नका.

तपासणी ७ : एका वाक्यात दोन मोजणीचे शब्द

इथून काम अवघड होतं. ‘जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात अशी एक बाजार समिती आहे, जिथे रोज कांद्याचा लिलाव होतो.’ खरं-खोटं बाजूला ठेवा, वाक्याची बांधणी बघा.

डावीकडून एकेक शब्द घ्या आणि क्रम न मोडता उलटवत जा. ‘प्रत्येक तालुका’चं ‘किमान एक तालुका’. ‘अशी एक बाजार समिती’चं ‘एकूण एक बाजार समिती’. इथपर्यंत बरेच जण पोचतात आणि मग शेवटी लिहितात ‘रोज लिलाव होत नाही’. हाच सापळा : ‘रोज’ हाही मोजणीचाच शब्द आहे, म्हणजे एकूण तीन झाले. ‘रोज होत नाही’ म्हणजे कधीच होत नाही की कधीतरी चुकतो? उलगडून लिहा : ‘जिल्ह्यात किमान एक तालुका असा आहे, जिथल्या प्रत्येक बाजार समितीत किमान एक दिवस कांद्याचा लिलाव होत नाही.’ ‘रोज’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘कुठेही’, ‘कोणीही’, ‘दोघेही’ या सगळ्यांखाली आधी पेन्सिलने रेघ मारा. रेघा मोजल्या की किती ठिकाणी बदल करायचा ते कळतं.

क्रम का मोडायचा नाही? ‘प्रत्येक पेशंटसाठी एक डॉक्टर आहे’ आणि ‘एकच डॉक्टर सगळ्या पेशंटसाठी आहे’ ही दोन वेगळी हॉस्पिटलं आहेत. क्रम बदलला की तुम्ही भलत्याच विधानाचा नकार लिहिलात.

पडताळणीसाठी विचारा : हे सिद्ध करायला किती हिंडावं लागेल? मूळ विधानाला १५ तालुक्यांत प्रत्येकी एक समिती दाखवावी लागेल. नकाराला तालुका एकच, पण त्यातल्या सगळ्या समित्या. मुळात जिथे ‘सगळे’ तपासायचे, तिथे नकारात ‘एक’ आणि मुळात जिथे ‘एक’, तिथे नकारात ‘सगळे’. असं जुळलं नाही, तर एखादा शब्द उलटवायचा राहिला आहे.

तपासणी ८ : यादी रिकामी आहे का?

तीन ओळींच्या तक्त्याला चौथी ओळ असते : क्रेट रिकामा. तेव्हा ‘सर्व द्राक्षं गोड आहेत’ खरं मानलं जातं, कारण ते खोटं पाडायला लागणारं एक फिकं द्राक्ष तिथे नाहीच. ‘किमान एक गोड नाही’ खोटं. नकाराची जोडी इथेही टिकते. पण त्याच रिकाम्या क्रेटबद्दल ‘एकही गोड नाही’ हेसुद्धा खरं! ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ दोन्ही एकदम खरी ठरतात, म्हणजे ती एकमेकांचे नकार नाहीत याचा आणखी एक पुरावा. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत अशा विधानांतल्या वस्तू अस्तित्वात आहेत असं धरून चालतात, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या तर्कशास्त्रात ही ओळ सापडणार नाही. गणितात मात्र ती लागते.

एक्सेलमधला हिरवा ‘सर्व पास’ इथूनच येतो. काउंटइफने मोजलेले ‘पास’ आणि काउंटएने मोजलेल्या एकूण नोंदी सारख्या आहेत का, अशी अट घातलेली असते. शीट रिकामं असताना ० बरोबर ०, अट पूर्ण. उपाय : एकूण नोंदी ० पेक्षा जास्त असाव्यात ही दुसरी अट सोबत घाला. पायथॉनमध्येही ‘ऑल’ला रिकामी यादी दिली की ‘ट्रू’ मिळतं. तो बिघाड नाही, नियमच तसा आहे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

आठही तपासण्या करून उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल, तर आधी मूळ विधान तुम्ही नीट उतरवलंय का ते बघा. तेही बरोबर असेल तर शिक्षकांना दाखवा, पण तीन किंवा चार ओळींचा तक्ता मांडून न्या, चर्चा पाच मिनिटांत संपते. सीमा आणि सातत्याच्या व्याख्यांचा नकार लिहायचा असेल, ज्यात ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ एकात एक गुंतलेले असतात आणि वर ‘जर-तर’ असतं, तर पहिल्या खेपेला एकट्याने झगडू नका. कोणीतरी शेजारी बसून एक सोडवून दाखवलेला बरा.

डेटाबेसमध्ये ‘नॉट इन’ (अमुक यादीत नसलेल्या नोंदी दे) लिहिलं आणि उत्तरात एकही ओळ आली नाही, तर आतल्या यादीत ‘नल’, म्हणजे किंमतच न भरलेली जागा, आहे का ते बघा. एक नल पुरतो. तिथे खरं आणि खोटं यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरं मूल्य असतं, त्यामुळे वरचा दोन मूल्यांचा तक्ता लागू होत नाही. बरेचदा ‘नॉट एक्झिस्ट्स’ने काम भागतं, पण पगार, साठा किंवा बिलांचा डेटा असेल, तर चालत्या सिस्टीममध्ये स्वतः बदल न करता ती सांभाळणाऱ्याला सांगा.

कारखान्यात ‘लॉट नापास’ हा निर्णय नमुना तपासणीच्या योजनेवर चालतो. त्यात ठरावीक संख्येपर्यंत खराब नग चालतातही. तिथे ‘किमान एक खराब, म्हणून सर्व खोटं, म्हणून लॉट परत’ असं तर्कशास्त्र लावू नका. क्वालिटी इंजिनिअरला विचारा. लॅबच्या कागदावर किंवा फोनवर ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल नाहीत’ असं कळलं, तर अर्थ लावत बसू नका, कोणता रिपोर्ट ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि सोसायटीचे नियम, भाडेकरार, टेंडरच्या अटी. ‘सर्व सभासद हजर नसल्यास सभा तहकूब होईल’ : ४० पैकी ३९ आले तर? कोणीच आलं नाही तर? लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा यांतलं एकही नसतं, त्याला गणपूर्ती म्हणायची असते. मसुदा अजून कच्चा असेल तर आकडा घालून घ्या : ‘किमान इतके सभासद हजर नसल्यास’. पण सही-शिक्का झालेल्या कागदाचा अर्थ तक्ता मांडून ठरत नाही. तो वकिलाकडे न्या, आणि त्याचं मत मिळेपर्यंत त्या कलमाच्या भरवशावर सभा घेऊ नका, रद्दही करू नका.